प्रयोगशील तात्या

महाराष्ट्रात गावागणिक एक मारुती आणि तालुक्यागणिक निदान एक प्रयोगशील शेतकरी असतोच. मारुतीला शेंदूर लागतो, प्रयोगशील शेतकऱ्याला पाहुणे लागतात. हा माणूस लांबूनच ओळखू येतो. खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक चालणारं. ओसरीवरच्या काचेच्या कपाटात सन्मानचिन्हं आणि त्यांच्या मागं दडवलेली वीजबिलं. शेताच्या तोंडाला बोर्ड: ‘पाहणीची वेळ सकाळी ८ ते ११. गटाने यावे.’ ‘मी पेरलं’ असं तो कधी म्हणत नाही, ‘आम्ही इथं एक प्रयोग घेतला’ म्हणतो. पीक हातचं गेलं तरी त्याचं नुकसान होत नाही, त्याला निष्कर्ष मिळतो.

आमच्या भागात हे पद तात्यांकडं आहे. धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर–धुळे महामार्गाला चिकटून आमचं गाव, आणि महामार्गाला चिकटूनच तात्यांचं रान. त्या रानानं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काय काय सोसलं ते त्या रानालाच ठाऊक. आधी सफेद मुसळी आली. मग डिझेलचं झाड म्हणून जट्रोफा आला. त्याच्या बिया अजून बांधावर सापडतात आणि तात्यांचा ट्रॅक्टर अजून पंपावरच जातो. मग इमू आले. इमूचं अंडं केवढ्याला, तेल केवढ्याला, कातडं केवढ्याला, पिसं केवढ्याला, असा सगळा हिशेब तात्यांनी ओसरीच्या भिंतीवर खडूनं मांडला होता. इमू विकत घेणारा माणूस तेवढा हिशेबात राहून गेला. बाकीचे कुठं गेले कळलं नाही, पण शेवटचा एक इमू बरीच वर्षं गोठ्याभोवती हात मागं बांधल्यासारखा फिरत असे. पोरं त्याला ‘मॅनेजर’ म्हणायची. मॅनेजर गेल्यावर कडकनाथ आले, आणि ते कसे गेले हे तात्यांसमोर काढायचं नाही, असा घरात नियम आहे.

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळं तात्यांच्या प्रत्येक प्रयोगाला मी पंच म्हणून हजर असलंच पाहिजे, हे गावानंच ठरवून टाकलंय. माझी संमती कुणी विचारलेली नाही.

उजेडाचं खूळ तात्यांच्या डोक्यात शिरलं ते पुण्याच्या एका कृषी प्रदर्शनात. गावची मंडळी ट्रॅक्टरवर बसून फोटो काढत होती. तात्या एका कोपऱ्यातल्या स्टॉलवर अडकले. तिथं कपाटाएवढ्या पेटीत माती नाही, ऊन नाही, नुसता जांभळा उजेड आणि त्यात टवटवीत लेट्यूस. स्टॉलवरच्या पोरानं सांगितलं, ‘अंकल, प्लांट को बस रेड और ब्लू चाहिये. बाकी सब वेस्ट है.’

यातलं ‘बाकी सब वेस्ट’ एवढं तात्यांनी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो तर ते अंगणात कपाळावर हात धरून सूर्याकडं बघत उभे. एखाद्या उधळ्या पोराकडं बाप बघतो तसे.

‘सर, हा लई फालतू खर्च करायलाय.’

‘कोण?’

‘सूर्य. सात रंग टाकतोय रोज. लागत्यात दोनच.’

मी सायकल स्टँडवर लावली. तात्यांचं म्हणणं असं, की पान हिरवं दिसतं म्हणजे हिरवा उजेड ते परत पाठवतं. म्हणजे हिरवा त्याला नको. म्हणजे हिरवा फुकट. आता हे थेट आमच्या पाठ्यपुस्तकी गणितातलंच आहे, आणि अर्धं खरं आहे. हरितद्रव्य काचेच्या नळीत काढून तपासलं तर ते निळा आणि लाल उजेड अधाशासारखं शोषतं आणि हिरव्याला फारसं विचारत नाही. १८८० च्या दशकात एंगेलमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून रंगांचा पट्टा पाडला आणि प्राणवायूच्या मागं धावणारे जंतू त्यात सोडले. जंतू गोळा झाले ते लाल आणि निळ्या पट्ट्यात.

‘म्हंजे जंतूंनी मतदान केलं!’ तात्या खूश. ‘हिरव्याचं डिपॉझिट जप्त.’

‘पण तात्या, पान म्हणजे काचेची नळी नव्हं. पानाच्या आत हिरवा उजेड पेशीपेशींवर आपटत फिरतो, बाहेर पडेपर्यंत त्यातला बराचसा जिरतो. वरच्या थराला लाल-निळा पुरतो, खालच्या थराला हिरवा पोचतो. १९७२ साली अमेरिकेत मॅक्री नावाच्या माणसानं २२ पिकांची पानं एकेका रंगाखाली धरून बघितली. लाल पहिला आला खरा, पण हिरवा निळ्याच्या फार मागं नव्हता.’

‘अमेरिकेत कुठं?’

‘टेक्सासमध्ये.’

‘मग आपल्या मातीत परत घ्यावं लागंल,’ असं म्हणून तात्या आत गेले. प्रयोगशील माणसाचं हे असंच असतं. त्याला पुरावा दिला की तो त्याला निमंत्रण समजतो.

पहिला प्रयोग माजघरात झाला. काकींच्या पापड-कुरडयांच्या डब्यांनी व्यापलेली लोखंडी मांडणी रिकामी करून खिडकीशी लावली गेली. भाजीच्या चार क्रेटमध्ये माती भरून मेथी पेरली. गणपतीच्या मखराचा उरलेला जिलेटीन कागद घरात होताच. एका क्रेटवर लाल कागद, एकावर निळा, एकावर हिरवा, चौथा उघडा. पुण्याच्या पोरानं सांगितल्याप्रमाणं निळ्या उजेडात रोप बुटकं, दणकट आणि रुंद पानांचं व्हायला हवं होतं. हे शास्त्राला धरूनच आहे. निळा उजेड खोडाच्या वाढीला आवरतो, पानावरची बारीक छिद्रं उघडतो आणि रोपाला उजेडाकडं वळायची दिशाही तोच दाखवतो.

प्रत्यक्षात झालं ते असं, की निळ्याखालची मेथी लांबडी, फिकट आणि लटपटती निघाली. लाल आणि हिरव्याखालची तिच्याच बहिणी. उघड्या क्रेटमधली तेवढी ठेंगणी, गर्द, भरल्या अंगाची. तात्यांनी पहिला संशय स्टेशनरीवाल्यावर घेतला: कागद डुप्लिकेट असणार.

कागद अस्सल होता. फक्त निळा कागद निळा उजेड देत नाही, तो बाकीचे रंग काढून घेतो. म्हणजे तिन्ही क्रेट आधीच अर्ध्या सावलीत. त्यात आणखी एक गोम अशी, की या जिलेटीन कागदांतून लालच्याही पलीकडचा उजेड आरपार जातो. माणसाच्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, रोपाला मात्र नेमका कळतो. कारण वरचं पान लाल उजेड खाऊन टाकतं आणि हा पलीकडचा खाली सोडतं. खालच्या रोपाला लाल कमी आणि हा जास्त मिळाला की त्याचा अर्थ एकच: डोक्यावर कुणीतरी उभं आहे, उंच हो. दाट पेरलेला मका उगाच काठीसारखा वर जातो तो याच भीतीनं. तात्यांच्या मेथीला गणपतीच्या मखराखाली बसून वाटलं, आपण जंगलात आहोत.

हे सगळं मी समजावत असताना काकींनी चौथा क्रेट उचलून विळीवर नेला. तात्या ओरडले, ‘अगं ती तुलनेसाठी ठेवलेली मेथी!’

‘तुलना करूनच नेलीय,’ काकी म्हणाल्या. ‘चौघींत तेवढीच खायजोगी होती.’

इथं तात्यांच्या स्वभावाचं मर्म सांगायला हवं, आणि त्यासाठी लेट्यूसचं बी मध्ये आणायला हवं. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या साथीदारांनी भिजवलेल्या लेट्यूसच्या बियांवर उजेडाचे झोत टाकले. लाल झोत टाकला तर बी रुजायचं. त्यावर लगेच त्या पलीकडच्या लालचा झोत टाकला तर रुजायचं थांबायचं. पुन्हा लाल, पुन्हा रुजायला तयार. असं कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी बी फक्त शेवटचा झोत लक्षात ठेवायचं. बियातल्या ज्या रंगद्रव्याच्या अंगी हा गुण आहे त्याला पुढं फायटोक्रोम नाव मिळालं. मी हे वर्गात शिकवतो तेव्हा मला हटकून तात्या आठवतात. सकाळी कृषी सहायक भेटला तर तात्या ठिबकचे. दुपारी खतवाला भेटला तर विद्राव्य खतांचे. संध्याकाळी नैसर्गिक शेतीवाला पाहुणा आला तर गोमूत्राचे. रात्री झोपताना ते कशाचे असतील हे दिवसभराच्या गोळाबेरजेवर नसतं, शेवटी कोण भेटलं यावर असतं. आणि काकींना हे माझ्या कितीतरी आधी, कुठलाही झोत न टाकता, कळलेलं आहे. म्हणून घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी त्या तात्यांना रात्री दिवा मालवताना सांगतात.

मेथीनंतर तात्यांनी निळा सोडावा म्हणून मी त्यांना जनरल प्लेझंटनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला हा गृहस्थ राहायचा. १८६० च्या सुमारास त्यानं द्राक्षांसाठी काचघर बांधलं आणि काचांच्या दर आठव्या ओळीला निळी-जांभळी काच बसवली. वेल जोमात आले. जनरलला खात्री पटली की ही निळ्या किरणांचीच करणी. मग त्यानं निळ्या काचेखाली डुकरं पोसून बघितली, तीही म्हणे झपाट्यानं वाढली. १८७६ साली त्यानं पुस्तक काढलं, निळ्या कागदावर निळ्या शाईत छापलेलं. त्यात निळ्या उजेडानं पिकं, जनावरं आणि माणसांचे आजार या सगळ्यांची सोय लावलेली. पुढं वर्षभर लोकांनी घरांच्या खिडक्यांना निळ्या काचा लावायचा सपाटा लावला. अखेर १८७७ साली सायंटिफिक अमेरिकन मासिकानं जाहीरपणं सांगितलं की बाबांनो, निळी काच उजेडात भर घालत नाही, कमी करते. खूळ ओसरलं.

गोष्टीचा रोख कुणाकडं आहे हे तात्यांच्या लक्षात येईल असं मला वाटलं होतं. तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘जनरल व्हता म्हंता?’

‘हो, पण...’

‘आन् दर आठवी काच. सगळ्या नव्हं. प्रमाण बघा सर. प्रमाणात हाय सगळं.’

आठवड्याच्या आत गोठ्यावरच्या पत्र्यांत एक निळा फायबरचा पत्रा चढला. म्हशीनं दूध जेवढ्यास तेवढंच दिलं. फक्त पहिल्या दिवशी चरवी बाहेर आणताना काकी म्हणाल्या की दूध निळसर दिसायलंय, गिऱ्हाईक पाण्याचा संशय घेईल. पत्रा उतरला. राहिलं ते तात्यांचं नवं व्हिजिटिंग कार्ड. निळ्या कार्डावर निळी शाई. नंबर कुणालाच वाचता येत नसल्यानं त्या महिन्यात पाहणीसाठी एकही फोन आला नाही, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष.

तरी एक कबूल करायला पाहिजे. रंगीत उजेडाचा धंदा नुसताच खुळचटपणा नाही, आणि तात्यांना हे माझ्यापेक्षा जास्त वाटतं. २०१५ साली अवकाश स्थानकावरच्या अंतराळवीरांनी तिथंच लाल, निळ्या आणि थोड्या हिरव्या एलईडीखाली वाढवलेलं लेट्यूस खाल्लं. हिरवा कशाला, तर नुसत्या लाल-निळ्याखाली भाजी जांभळट-काळी दिसते आणि माणसाला ती खावीशी वाटत नाही. (तात्यांचं यावरचं मत: ‘एवढ्या वर जाऊन पण नखरे हायतच.’) आपल्याकडंही रंगाचा हिशेब शेतकरी रोज करतोच की. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि फुलकिड्यांसाठी निळे, हे आता बांधावरचं पोरगंही सांगतं. नाशिककडं थंडीत द्राक्षाचे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद गुंडाळतात. फुलवाले शेवंतीवर रात्री दिवे लावून तिला फुलू देत नाहीत, दांडा हवा तेवढा लांब झाला की दिवे बंद करतात आणि मग ती फुलते. शेवंती मोठ्या रात्रीची वाट बघणारी. तिला फसवायचं तर रात्र मधोमध तोडायची.

ड्रॅगन फ्रूटचं बरोबर उलटं. त्याला लहान रात्र लागते, म्हणून ते उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर फुलतं आणि थंडीत गप्प बसतं. व्हिएतनाममध्ये बिन्ह थुआनच्या भागात शेतकरी थंडीत रात्री बागेत दिवे लावून त्याला फुलायला लावतात. विमानातून ती शेतं पिवळ्या ठिपक्यांची दिसतात. हे तात्यांनी मोबाईलवर बघितलं आणि मग त्यांना अडवणं माझ्या, काकींच्या किंवा कुणाच्याच हातात राहिलं नाही. महामार्गाकडच्या तुकड्यात सिमेंटच्या खांबांवर त्यांचं ड्रॅगन फ्रूट होतंच. कडकनाथनंतर तेवढं एकच पीक तग धरून होतं.

तीन ओळी धरल्या. एका ओळीवर लाल एलईडी, दुसरीवर निळे, आणि तिसरीवर माळ्यावर पडलेले जुने शंभर वॅटचे पिवळे बल्ब, ‘उगं तुलनेला’. ओळीला चाळीस दिवे. रात्री दहा ते दोन. शेतीच्या फीडरला रात्री लाईट असेलच असं नाही, म्हणून घरच्या मीटरवरून वायर ओढली. आकडा टाकला अशी आवई भावकीनं उठवली होती, पण ती खोटी. बिल मी डोळ्यांनी बघितलंय.

आता महामार्गाच्या कडेला, डिसेंबरच्या थंडीत, रात्री अकराच्या सुमारास लाल, निळे आणि पिवळे दिवे रांगेनं लागलेले. ट्रकवाल्यांनी काय समजायचं? पहिल्याच आठवड्यात एक लांबलचक ट्रक कडेला लागला. डोक्याला मफलर गुंडाळलेला ड्रायव्हर बांधावरून आत आला, खाट शोधत.

‘खाना मिलेगा?’

तात्यांनी त्याला गांभीर्यानं घेतलं. ‘ये लाईट तो झाड के लिये है. झाड को रात छोटी करके दिखाने का.’

ड्रायव्हरनं खांबावरच्या काटेरी फांद्यांकडं बघितलं. ‘झाड का खाना? मतलब शुद्ध शाकाहारी?’

‘एकदम शुद्ध. लाल लाईट इसको जगाता है. निळा क्या करता है वो अभी देखने का है.’

‘दाल फ्राय है के नहीं, वो बोलो चाचा.’

एवढ्यात काकी कंदील घेऊन आल्या. त्यांनी काही न विचारता ड्रायव्हर-क्लीनरला ओसरीवर बसवलं, पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, लसणाची चटणी वाढली. ड्रायव्हरनं बिल विचारलं तेव्हा तात्या ‘अतिथी देवो भव’ म्हणायच्या बेतात होते, पण काकी आधी बोलल्या आणि आकडा बरोबर सांगितला. तो माणूस पुढं कुठल्या टोलनाक्यावर काय बोलला देव जाणे. दिवे चालू होते तोवर रोज रात्री एखाददुसरा ट्रक लागत राहिला. काकींनी पिठल्याच्या जोडीला ठेचा ठेवायला सुरुवात केली. प्रयोगाच्या वहीत तात्यांनी हे उत्पन्न ‘इतर’ या सदरात टाकलं.

आणि कळ्या आल्या! यात विनोद नाही. भर थंडीत, शेजारच्या कुणाच्याही बागेत हालचाल नसताना, तात्यांच्या पिवळ्या ओळीवर आणि लाल ओळीवर कळ्या धरल्या. निळी ओळ ढिम्म. तात्या मला रात्री अंथरुणातून उठवून घेऊन गेले. पिवळ्या बल्बच्या उबेला लागून एक फूल वीतभर पसरलं होतं, पांढरं, जड, वासाचं; सकाळपर्यंत ते मिटून जाणार होतं. तात्या त्याला हात लावत नव्हते, नुसते टॉर्चनं त्याच्या पाकळ्या मोजत होते आणि मोजताना चुकत होते.

कारण तेच, बेल्ट्सव्हिलचं बी. रात्र तुटली की नाही हे बहुतेक फायटोक्रोम ठरवतं, आणि त्याला लाल उजेडाची भाषा कळते. निळ्यानं ते फारसं हलत नाही. जुना तारेचा बल्ब तर लालनं आणि त्या पलीकडच्या लालनं ओथंबलेला. पुण्याच्या पोराचं ‘रेड और ब्लू’ खाण्याच्या उजेडाला खरं होतं. रात्रीचा उजेड झाड खात नाही, त्यावरून फक्त वेळ बघतं.

‘मग पुढच्या वर्षी सगळीकडं पिवळे,’ तात्या म्हणाले.

काकींनी तिथंच हिशेब केला. चाळीस बल्ब, शंभर वॅट, चार तास: रात्रीचे सोळा युनिट, महिन्याला चारशेऐंशी. लाल एलईडी नऊ वॅटचे, तेवढ्याच दिव्यांना रात्रीचं दीड युनिटही नाही. ‘निळ्याला दीड युनिट फुकट गेलं ते निराळं,’ असं म्हणून त्यांनी बिल काचेच्या कपाटात, ‘प्रगतिशील शेतकरी’ या चिन्हाच्या मागं सरकवलं. फळं आली ती मोजकी, आणि गोड. पण त्या हंगामात महामार्गावर फळांपेक्षा पिठलं जास्त खपलं.

मध्यंतरी तात्यांना पौर्णिमेची शंका आली होती. दिव्यानं रात्र तुटते, तर चांदण्यानं का नाही? मी सांगितलं की भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं आणि पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. तात्यांना आकडा पटला पण चंद्राबद्दलचं मत उतरलं.

तात्यांच्या आयुष्यातला खरा विजय मात्र त्यांच्या रानात झालाच नाही. तो झाला त्यांच्या चुलतभावाच्या, म्हणजे नानांच्या रानात, आणि नानांशी तात्यांचं बांधावरून बोलणं बंद आहे.

ग्रामपंचायतीनं चौकात हायमास्ट दिवा बसवला. सगळ्या गावाला आनंद झाला. पत्त्याचा डाव मारुतीच्या पारावरून दिव्याखाली आला. त्या साली सोयाबीन सगळीकडं पिवळं पडून पानं गाळायला लागलं, लोक काढणीचे मजूर ठरवायला लागले, आणि नानांच्या चौकाकडच्या कोपऱ्यातलं सोयाबीन हिरवंगार उभं. शेंगा अजून कोवळ्या. बाकीचं रान राशीला आलं तरी तो तुकडा श्रावणातच. नानांनी आधी बियाणेवाल्याला शिव्या घातल्या. मग करणीची चर्चा निघाली आणि संशयाची सुई, कुणी नाव न घेता, निळ्या पत्र्यावाल्या घराकडं वळली.

तात्या पहाटे नानांच्या रानात शिरले. बोलणं बंद असताना भावकीच्या रानात शिरणं म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. दिव्याच्या खांबापासून त्यांनी पावलं मोजली. हिरवा तुकडा सरळ रेषेत नव्हता. तो खांब मध्यबिंदू धरून काढलेल्या वर्तुळाच्या चतकोरासारखा होता, चाळीस पावलांपर्यंत गर्द, पुढं फिका होत होत पिवळ्यात मिसळलेला. आणि खांबाला लागून चावडीच्या भिंतीची सावली रानात जिथं पडत होती, तेवढी एक पट्टी त्या हिरव्याच्या मधोमध वेळेवर पिवळी पडलेली होती. ती पट्टी तात्यांनी मला दाखवली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. असला सुबक पुरावा प्रयोगशाळेतही क्वचित मिळतो.

सोयाबीन मोठ्या रात्रीवर फुलणारं. १९२० साली गार्नर आणि अलार्ड यांनी ज्या पिकांवर हे पहिल्यांदा पक्कं केलं त्यांत तंबाखूच्या बरोबरीनं सोयाबीनच होतं. त्यांचं बिलॉक्सी जातीचं सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी फुलायचं जवळपास एकाच सुमाराला, रात्र पुरेशी वाढली की. नानांच्या कोपऱ्यात रात्र वाढलीच नव्हती. दिवा सगळ्या गावाला मिळाला होता, सोयाबीनसकट.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तात्या उभे राहिले. त्यांनी सगळं नीट सांगितलं, पावलांसकट, आणि नाना दुसरीकडं बघत असले तरी कान इकडंच होते. उपाय विचारल्यावर तात्या म्हणाले, ‘पांढऱ्या दिव्यात लाल असतो, त्योच सोयाबीनला जागवतो. लाल कमी असंल असा दिवा लावा. निळा, न्हाई तर हिरवा.’

सभा एकदम शांत झाली. निळ्याला कुणी काही म्हणालं नाही, हिरव्यालाही नाही. फक्त जो तो शेजारच्याच्या तोंडाकडं बघायला लागला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘मग भगवा लावा की.’

‘भगव्यात लाल लई असतो,’ तात्या शुद्ध शास्त्रीय भावनेनं म्हणाले.

सरपंचबाईंनी हात जोडले. ‘तात्या, पुढं निवडणूक हाय. पाया पडते, रंगाचं नाव काढू नका.’

दहा वाजता दिवा बंद करा, ही सूचना आली. बचतगटाच्या बायांनी ती तिथंच हाणून पाडली: रात्री उशिरा यष्टीनं उतरणाऱ्या पोरींनी अंधारात यायचं का, सोयाबीनला झोप यावी म्हणून? हे तात्यांनाही पटलं, कारण शेवटी बोलल्या त्या. अखेर नानांच्या रानाच्या बाजूनं दिव्याला पत्र्याचं झाकण बसवायचं ठरलं. नाना पहिल्यांदाच बोलले, तेही तात्यांकडं न बघता, छताला उद्देशून: ‘पत्रा मी देतो.’

ग्रामसेवकांनी इतिवृत्ताची वही ओढली, विषयासमोर ‘सोयाबीन पिकास अंधार पुरविण्याबाबत’ असं लिहिलं आणि पेन थांबलं.

‘खर्च कशातून टाकायचा? पंधराव्या वित्त आयोगात दिव्याला तरतूद आहे. अंधाराला हेडच नाही.’

‘पत्रा नाना द्यायलेत की,’ सरपंचबाई म्हणाल्या.

‘मजुरी तरी दाखवावी लागंल. आन् अंदाजपत्रकाला परिमाण लागतं. अंधार किती?’

तात्यांनी खिशातलं चालणारं पेन काढलं, तळहातावर काहीतरी तपासलं आणि म्हणाले, ‘लिवा, चाळीस पावलं.’

ग्रामसेवकांनी तसंच लिहिलं, आणि ऑडिटवाले येतील म्हणून पुढं कंसात ‘अंदाजे’ घातलं.